एस्. टी. कोणाच्या पैशावर चालते?

मागच्या पाठात आपण वाण्याचे बिल वाचायला शिकलो. आज एस्. टी.चे तिकीट वाचू.

तिकीट हातात घ्या. कागद लहान आहे, अक्षरे बारीक आहेत. चष्मा असेल तर लावा. तारीख शोधा. मग कोठून कोठे ते शोधा. मग पूर्ण की अर्धे, आणि शेवटी रुपये. सुट्टे परत मिळाले ते बरोबर आहेत की नाही, हे आता तुम्हाला कोणाला विचारायला नको.

हेच तिकीट आम्ही वर्गात पहिल्यांदा वाचायला दिले तेव्हा भिंतीशी बसलेल्या एक आक्का म्हणाल्या, "आवं गुरुजी, संध्याकाळची गाडीच बंद झाली. मग तिकीट वाचून करायचं काय?"

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर ते बोलणे काही डोक्यातून जाईना. तिकीट कसे वाचायचे हे आम्ही शिकवले. गाडी का येते आणि का बंद होते, हे कोणी शिकवायचे? म्हणून हा पाठ लिहिला.

आमचा वर्ग बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या एका गावात भरतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आहे. ऊस आहे. शाळा दहावीपर्यंत आहे. पुढे शिकायचे तर बारामती. दवाखाना मोठा पाहिजे तर बारामती. कारखान्यात काम पाहिजे तर बारामतीची एम्. आय्. डी. सी. तहसील कचेरीचे काम असेल तर इंदापूर. इंदापूर शहराला रेल्वे नाही. तालुक्यात भिगवणला स्टेशन आहे, पण ते आम्हाला कोठे जवळ आहे? तेव्हा आमच्यासारख्या गावाला एस्. टी. म्हणजेच बाहेरचे दार.

हे दार नेहमीच नव्हते. आमचे वडील सांगत, त्यांच्या लहानपणी खाजगी सर्व्हिस मोटारी असत. मोटार भरल्याशिवाय हलत नसे. भाडे मालकाच्या मर्जीवर. पाऊस पडला की मोटार बंद. जेथे पैसा तेथे मोटार, बाकीच्यांनी बैलगाडी जुंपावी नाहीतर पायी जावे. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या वेळच्या मुंबई सरकारने हे काम स्वतःच्या हाती घ्यायचे ठरवले. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस्. टी. धावली. तीस जणांची बेडफर्ड गाडी होती. किसन राऊत ड्रायव्हर होते आणि लक्ष्मण केवटे कंडक्टर. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे त्याचे ब्रीद. म्हणजे पुष्कळांच्या हितासाठी, पुष्कळांच्या सुखासाठी.

पुढे मुक्कामी गाड्या सुरू झाल्या. तुमच्यातल्या पन्नाशीच्या मंडळींना आठवत असेल. रात्री शेवटची गाडी गावात यायची आणि तेथेच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर चावडीत झोपायचे. कोणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं यायचं. पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की आया चूल पेटवायच्या. गावाचे ते घड्याळच होते. त्या गाडीने दूध जाई, पोरे जात, आजारी माणूस जाई, कोर्टाची तारीख असलेला जाई.

आता संध्याकाळच्या गाडीकडे येऊ. बारामतीहून सव्वासहाला सुटणारी फेरी होती. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बंद केली. शाळा-कॉलेजे उघडली तरी ती सुरू झाली नाही. विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "भारमान नाही."

हा शब्द फळ्यावर लिहू. भारमान. गाडीत चव्वेचाळीस जागा असल्या आणि बावीस माणसे बसली, तर भारमान शंभराला पन्नास. अकराच बसली तर पंचवीस. भारमान कमी म्हणजे तिकिटाचे पैसे कमी. डिझेल मात्र तेवढेच लागते. म्हणून फेरी तोट्यात.

हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कसा तो बघा. सव्वासहाची गाडी बारामतीहून भरून येई. गावात माणसे उतरून घेई आणि परत बारामतीला रिकामी जाई, कारण त्या वेळी गावातून शहराला कोण जातो? दोन्ही बाजूंची सरासरी काढली की भारमान पडते. आता पाण्याला जाणाऱ्या बाईचे घ्या. विहिरीकडे जाताना घागर रिकामी असते, येताना भरलेली. जाताना रिकामी जाते म्हणून तिने जाणेच बंद करावे काय?

दुसरी गोष्ट. गाडी बंद होण्याच्या आधी दोन-तीन महिने ती कधी येई, कधी न येई. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी आली. तोपर्यंत पोरी आणि बाया वडापच्या जीपमध्ये बसून निघून गेलेल्या. गुरुवारच्या गाडीत सहा माणसे चढली. कंडक्टरच्या मशीनमध्ये सहाच नोंदली गेली. वडापमध्ये कोंबलेली चौदा माणसे कोणत्याच मशीनमध्ये आली नाहीत. मग वर कागद गेला तो असा, की या गावाला गाडी नको आहे.

गाडी नियमाने येत नाही म्हणून माणसे दुसरे काही बघतात. माणसे कमी झाली म्हणून गाडी कमी होते. गाडी कमी झाली म्हणून आणखी माणसे जातात. गळकी घागर आहे ही. पाणी किती उरले ते सगळे मोजतात, भोक कोणी बुजवत नाही.

ही माणसे जातात कोठे? काही वडापला. बाकीची फटफटीवर. आमच्या गावात एका पिढीपूर्वी फटफट्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. आता घरटी एक आहे, काही घरी दोन आहेत. उसाचे बिल आले की दारात नवी गाडी येते. ज्याचा ऊस नाही तो हप्त्यावर घेतो. चारचाकीही वाढल्या. आमच्याच मुलाने घेतली आहे, तेव्हा दुसऱ्याला नावे ठेवायला आम्ही मोकळे नाही. खरे सांगायचे तर नोकरीच्या शेवटच्या आठ वर्षांत आम्ही स्वतः एस्. टी. सोडून फटफटीने शाळेत जात होतो. तेव्हा कंडक्टरच्या मशीनमधला एक आकडा आम्हीही कमी केला.

फटफटी वाईट नाही. रात्री कोणाला साप चावला, बाळंतीण अडली, तर तीच कामाला येते. बारामतीच्या एम्. आय्. डी. सी.त पियाजिओच्या कारखान्यात तीनचाकी गाड्या तयार होतात, त्यावर शेकडो घरच्या चुली पेटतात. गाड्याच नकोत असे कोण म्हणेल? पण गाडी ही सोय असावी, सक्ती नसावी. कामाला जाण्याला दुसरी वाटच उरली नाही म्हणून कर्ज काढून गाडी घ्यावी लागते, ती सोय नव्हे.

चला, हिशेब मांडू. पाटी घ्या.

एक गडी गावाहून चोवीस किलोमीटरवर बारामतीच्या कारखान्यात कामाला जातो. एस्. टी.चे भाडे टप्प्यावर असते. सहा किलोमीटरचा एक टप्पा. साध्या गाडीला टप्प्याला सुमारे दहा रुपये. चार टप्प्यांचे चाळीस. जाऊन-येऊन ऐंशी. मासिक पास काढला तर वीस दिवसांचे भाडे घेतात आणि तीस दिवस फिरू देतात. ऐंशी गुणिले वीस, सोळाशे रुपये.

तोच गडी फटफटीवर जातो. रोज अठ्ठेचाळीस किलोमीटर, महिन्यात सव्वीस दिवस. झाले बाराशे अठ्ठेचाळीस. लिटरला पन्नास किलोमीटर धरा, म्हणजे पंचवीस लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरू, प्रत्यक्षात जास्तच आहे. पंचवीसशे रुपये. हप्ता तीन हजार धरा. तेल, टायर, पंक्चर, विमा मिळून महिन्याला पाचशे. एकूण सहा हजार.

सहा हजारांतून सोळाशे वजा करा. चार हजार चारशे. हप्ते फिटेपर्यंत दर महिन्याला एवढे जास्तीचे जातात. चौदा-पंधरा हजार पगार असलेल्या गड्याच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. बाईमाणसाचा हिशेब आणखी वेगळा. तिला अर्धे तिकीट आहे. वीस आणि वीस चाळीस, सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस. आणि बारावीपर्यंत शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेचा पास मोफत आहे.

पण पास मोफत असला आणि गाडीच नसली तर? आक्कांच्या शेजारच्या मुलीचे तेच झाले. अकरावी सायन्सला होती. प्रॅक्टिकल संपायला साडेपाच वाजत. आधीची गाडी पाचची, ती निघून गेलेली. वडापच्या जीपमध्ये मागे लटकून, पुरुषांच्या गर्दीत, अंधारात पोरीला पाठवायला आई तयार होईना. दोन महिने बापाने फटफटीवरून आणले-सोडले. मग ऊसतोड सुरू झाली, त्याला वेळ होईना. पोरगी आता घरी आहे. सोयरिकीचे बोलणे चालू आहे. त्या फेरीचा तोटा आगाराच्या वहीत लिहिलेला आहे. ह्या पोरीचा तोटा कोणत्या वहीत लिहायचा?

अंधाराचे आणखी एक. कारखाने सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, साधी तांबडी पट्टीही नसते. आमचा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या पाळीहून फटफटीवर येताना अशाच उभ्या ट्रॉलीवर गेला. आम्ही मातीला गेलो होतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. फटफटीच्या हिशेबात हे आपण कोणीच धरत नाही. पाटीवर ते मांडतातरी कसे?

आता पाठाच्या नावातला प्रश्न. एस्. टी. कोणाच्या पैशावर चालते?

पहिले उत्तर सोपे. तिकिटाच्या पैशावर. त्यातून डिझेल, ड्रायव्हर-कंडक्टरांचे पगार, टायर, सुट्टे भाग, नव्या गाड्या, राष्ट्रीय महामार्गावरचा टोल. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एस्. टी.च्या भाड्यावर सरकारचा प्रवासी कर असतो. त्याचा कायदा १९५८ सालचा आहे. महामंडळ भाड्यावर साडेसतरा टक्के कर भरत आले आहे. म्हणजे शंभर रुपये भाडे झाले तर साडेसतरा रुपये कराचे. फटफटी घेणारा घेताना एकदा कर भरतो आणि मोकळा होतो. एस्. टी.त बसणारी आक्का दर खेपेला भरते. हे आम्हाला तरी न्यायाचे वाटत नाही.

दुसरे उत्तर सवलतीचे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एस्. टी.चा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व बायांना अर्धे तिकीट झाले. अर्धे आपण दिले. उरलेले अर्धे कोणी सोडून दिले काय? नाही. ते सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असते. सरकारकडे पैसा कोठून येतो? तुम्ही साबणाची वडी घेता, त्यात कर आहे. पेट्रोल घेता, त्यात तर पुष्कळच आहे. तेव्हा अर्धे तिकीट काढताना खाली मान घालायचे कारण नाही. ती भीक नव्हे. दुसरे अर्धे तुम्ही साबण घेताना दिलेले आहे. मात्र ही भरपाई सरकारकडून यायला उशीर झाला की महामंडळाची ओढाताण होते, आणि डिझेलवाला काही थांबत नाही.

ओढाताण किती झाली ते २०२१ साली आपण पाहिले. आधी २०२० च्या मार्चपासून करोनामुळे गाड्या बंद. करोनापूर्वी दिवसाला साठ लाखांहून अधिक माणसे एस्. टी.ने जात होती, ती घरी बसली. मग २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळ सरकारात विलीन करा, आम्हाला सरकारी नोकरांसारखा पगार द्या, ही त्यांची मागणी. कोर्टाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर जायला सांगितले तेव्हा गाड्या पुरत्या सुरू झाल्या. पाच महिन्यांच्या वर खेडी तुटलेली होती. कोणाची चूक किती, हे आम्ही सांगणार नाही. तुटपुंज्या आणि लांबलेल्या पगारावर रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्याचे दुःख खोटे नव्हते. पण आमच्या गावात सर्वांत जास्त फटफट्या त्या पाच महिन्यांत आल्या, हेही खरे. आलेल्या परत गेल्या नाहीत.

२५ जानेवारी २०२५ पासून भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी जूनमध्ये परिवहन मंत्र्यांनी एस्. टी.ची श्वेतपत्रिका काढली. श्वेतपत्रिका म्हणजे सरकारने लोकांपुढे मांडलेला खरा हिशेब. त्यात साठत आलेला तोटा १० हजार ३२२ कोटी रुपये दाखवला आहे.

आकडा ऐकून वर्गातला एक तरुण शेतकरी उठला. "गुरुजी, एवढा तोटा करणारी गाडी चालवायची कशाला? माझी माझी गाडी आहे. माझ्या पैशाने दुसऱ्यानं का फिरावं?"

प्रश्न सरळ होता. त्याला दटावणे बरे नव्हे. आम्ही म्हणालो, "बाळ, तू तुझी गाडी कोठून चालवतोस?"

"रस्त्यावरून."

"रस्ता कोणाचा?"

तो गप्प बसला.

आपल्या बारामती-इंदापुरावरून तुकोबारायांची पालखी जाते. बेलवाडीला रिंगण होते, संसरला, निमगाव केतकीला, इंदापूरला मुक्काम होतो. त्या वाटेचा पालखीमार्ग मोठा करायचे काम निघाले. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटर. ज्ञानोबामाउलींचा दिवेघाटापासून मोहोळपर्यंत २२१ किलोमीटर. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी या कामांची पायाभरणी झाली तेव्हा अंदाज सांगितला तो तुकोबांच्या मार्गाला सुमारे ४ हजार ४०० कोटी आणि माउलींच्या मार्गाला ६ हजार ६९० कोटींहून अधिक. बेरीज करा. अकरा हजार नव्वद कोटी. चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी बाजूने वेगळी वाट ठेवायचे ठरले, ते उत्तम झाले. रस्ता नको होता असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः त्या रस्त्याने जातो.

पण हा रस्ता नफ्यात आहे की तोट्यात, असे कोणी विचारले काय? दुपारी एक ते तीन रस्त्यावर वाहने कमी असतात, म्हणून तेवढा वेळ रस्ता बंद ठेवा, असे कोणी म्हणते काय? दोन रस्त्यांचा नुसता अंदाजी खर्च अकरा हजार कोटींवर, आणि सबंध महाराष्ट्राच्या एस्. टी.चा वर्षानुवर्षे साठलेला तोटा दहा हजार कोटींवर. पहिल्याला आपण विकास म्हणतो, दुसऱ्याला तोटा म्हणतो. रस्ता बांधला आणि त्यावरून जायला गरिबाला गाडी दिली नाही, तर तो रस्ता गाडीवाल्यालाच बांधून दिल्यासारखा झाला.

तरुण बसला, पण पुरता पटल्यासारखा दिसला नाही. "मग पैसे कितीबी खाऊ द्यायचे का त्यांनी?" असे पुटपुटला. तेही बरोबर आहे. सेवा म्हणून हिशेब सोडून द्यायचा नसतो. १९५० सालच्या ज्या कायद्याखाली हे महामंडळ चालते, त्यात दोन्ही गोष्टी आहेत. अठराव्या कलमात महामंडळाचे कर्तव्य सांगितले आहे, ते लोकांना पुरेशी, चांगली आणि परवडणारी वाहतूक देण्याचे. बाविसाव्या कलमात काम व्यापारी तत्त्वावर चालवावे असे म्हटले आहे. एका हाताने परवडणारी सेवा, दुसऱ्या हाताने धंदा. दोन्ही सांभाळायचे तर मधला खड्डा कोणीतरी भरला पाहिजे. तो भाडे वाढवून भरला तर माणसे फटफटीवर जातात. फेऱ्या कमी करून भरला तर पोरी घरी बसतात. मग उरतो सरकारी खजिना. तेथून किती द्यायचे, कोणत्या फेऱ्यांसाठी द्यायचे, आणि दिलेल्या पैशाची गाडी खरोखर गावात आली की नाही, हे उघड लिहिलेले असावे. आमचे मत असे आहे. तुमचे वेगळे असेल तर वर्गात मांडा.

खजिन्यातून पैसे देणारे आपण एकटे नाही. तामिळनाडूने मे २०२१ मध्ये साध्या शहर बसमध्ये बायांना मोफत प्रवास दिला. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी गाड्यांत दिला. इंदापूरहून कर्नाटक काही फार लांब नाही. आणि युरोपात लक्झेंबर्ग नावाचा एक छोटा देश आहे. तो श्रीमंत, घरोघरी मोटारी. मोटारींनी त्यांचे रस्ते इतके तुंबले, की २०२० च्या फेब्रुवारीअखेर त्यांनी देशातल्या बस, आगगाड्या, ट्राम सगळ्यांना मोफत केल्या. तेथली माणसे लगेच मोटारी सोडून बसमध्ये बसली असे मात्र नाही. नुसते तिकीट काढून टाकून भागत नाही. गाडी वेळेवर आली पाहिजे, आणि रात्रीही आली पाहिजे.

हे ऐकून आक्का म्हणाल्या, "त्ये मोफतचं र्‍हाऊ द्या. आमी पैसं देतो. गाडी तेवढी आणा."

ती कशी आणायची, ते आता शिकू. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. म्हणून अर्ज लिहायचा. पण अर्जात नुसते 'आमची फार गैरसोय होते' लिहून चालत नाही. तसे सगळेच लिहितात. आकडे लागतात. आमच्या वर्गातल्या बायांनी आठवडाभर संध्याकाळी पारावर बसून मोजले. बारामतीहून सव्वासहा ते साडेसात या वेळात वडापमधून कोण उतरले, फटफटीवर मागे बसून कोण आले. वहीत रेघा ओढल्या. कॉलेजच्या मुली सतरा, कारखान्यातल्या बाया नऊ, म्हातारी माणसे पाच. एकतीस झाली. चव्वेचाळीस जागांच्या गाडीत एकतीस माणसे. भारमान काढा. शंभराला सत्तर. वर्गात पहिली टाळी त्या दिवशी वाजली.

हा अर्जाचा नमुना. रेघांच्या जागी तुमची माहिती भरा.

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
रा. प. आगार, ____________

विषय : ____________ ते ____________ ही संध्याकाळची फेरी पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय,
आम्ही खाली सह्या करणारे ____________ गावचे रहिवासी आहोत. आमच्या गावाला संध्याकाळी ____ वाजता येणारी फेरी दिनांक ____________ पासून बंद आहे. आम्ही दिनांक ____ ते ____ या आठ दिवसांत मोजणी केली. या वेळेत दररोज सरासरी ____ माणसे खाजगी वाहनाने गावात येतात. त्यांत विद्यार्थिनी ____, कामावर जाणाऱ्या स्त्रिया ____, वृद्ध ____ आहेत. मोजणीची वही सोबत जोडली आहे. फेरी ठरल्या वेळी नियमाने आल्यास आम्ही तिनेच प्रवास करू. तरी फेरी सुरू करावी, व ते शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
____________

'ते शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे' हे वाक्य गाळू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एक आगारात द्या. दुसरीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घ्या. तिला पोच म्हणतात. ग्रामसभेचा ठराव मिळाला तर त्याची नक्कल जोडा. 'तिनेच प्रवास करू' असे लिहून दिले आहे, तेव्हा गाडी सुरू झाली तर तिनेच जायचे. दारात फटफटी असली तरी. आम्हीही सही केली आहे.

आमच्या अर्जावर अठ्ठेचाळीस सह्या झाल्या. त्यांतल्या अकरा बायांनी कागदावर पहिल्यांदाच अंगठ्याऐवजी नाव लिहिले. आक्कांचे नाव रेघेच्या बाहेर गेले, म्हणून त्या दुसरा कागद मागत होत्या. आम्ही दिला नाही.

अर्ज देऊन महिना झाला. उत्तर अजून आलेले नाही. येत्या सोमवारी चौघीजणी पोच घेऊन पुन्हा आगारात जाणार आहेत. जाताना सकाळची गाडी आहे. येतानाचे त्यांनी अजून ठरवलेले नाही.